डबिनचा वास

गेल्या शनिवारपासून लेकीच्या घरचं कुणी माझ्याशी धड बोलत नाही. माझी नात ईरा, अकरा वर्षांची, तिनं तर मला वाळीतच टाकलंय. कारण एवढंच, की तिची फुटबॉलची मॅच चालू असताना मी सरळ मैदानात घुसले आणि तिला दंडाला धरून बाहेर आणलं. दोन पोरी एकाच बॉलसाठी उडाल्या, डोक्यावर डोकं आपटलं, आणि तो आवाज मला कडेला उभ्या उभ्या ऐकू आला. ईरा पडली, उठली, हसली आणि भलत्याच गोलच्या दिशेनं चालायला लागली. त्यांचा कोच म्हणजे कुणाचा तरी हौशी बाप. तो म्हणाला, "शी'ल बी राइट." म्हणजे काही होत नाही, होईल ठीक. कडेच्या आयाबापांनी टाळ्या वाजवल्या. 

"आजी, यू रुइन्ड इट!" ईरा रडत ओरडली. तिची आई, म्हणजे माझी लेक मुक्ता, ओठ न हलवता म्हणाली, "आई, प्लीज. डोन्ट मेक अ फस."

फस करू नकोस, म्हणजे उगाच बाऊ करू नकोस. माझ्याकडे एका फायलीत जवळजवळ तीस वर्षांपूर्वीचा एक कागद आहे. त्यावर हेच टाईप केलेलं आहे, की ही बाई कधी फस करत नाही. तेव्हा ते माझं कौतुक होतं आणि त्या कौतुकावर मी माझं सगळं आयुष्य उभं केलं. त्या कागदाची मला आजही शिसारी येते. फेकवत मात्र नाही.

इथं एप्रिल आला की झाडं पिवळी पडतात, लोक हीटर झटकून बाहेर काढतात आणि शनिवारी सकाळी क्राइस्टचर्चभरच्या मैदानांवर पोरं चिखलात लोळायला लागतात. बाकीच्यांना तो वास गवताचा वाटतो. मला मात्र चरबीचा येतो. आता कुणी बुटांना चरबी लावत नाही, बूट प्लॅस्टिकचे असतात, पण माझ्या नाकाला कोण समजावणार? एप्रिल ते सप्टेंबर, हिवाळ्याचे सहा महिने, माझं नाक नव्वदच्या दशकात राहायला जातं.

तेव्हा आम्हाला इथं येऊन वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याला, प्रकाशला, नोकरी लगेच मिळाली. मी मिरजेची एमबीबीएस, आठ वर्षं प्रॅक्टिस केलेली. तेवढ्या शिक्षणाचे गुण धरून आम्हाला या देशात घेतलं, आणि उतरल्यावर कळलं की इथं डॉक्टर म्हणून नाव नोंदल्याशिवाय मी कुणाला तापाची गोळीसुद्धा देऊ शकत नाही. परीक्षा द्यायची, त्याआधी इथल्या हॉस्पिटलचा अनुभव दाखवायचा, आणि अनुभवासाठी इथल्या कुणाचं तरी शिफारसपत्र आणायचं. पत्र देणारं कोण? आमच्या ओळखीचा इथं एकच माणूस होता, रिकार्टन भागातला दुकानदार. त्याच्याकडून आम्ही तूरडाळ घ्यायचो.

म्हणून मी रिकार्टनच्या पलीकडच्या एका रेस्ट होममध्ये केअरगिव्हर झाले. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, भरवायचं, पुसायचं. सुनंदाची 'सू' झाले. बसमधून उतरलं की धुकं नव्हे, धूर असायचा. घराघरांत कोळसा आणि लाकडं जळत आणि तो धूर थंडीत खालीच बसून राही. आत गेलं की उकडलेल्या कोबीचा, ओल्या गाद्यांचा आणि रविवारच्या मटणाचा वास. आमच्या घरी अंडंही शिजत नव्हतं. पहिला आठवडाभर मी स्टाफच्या बाथरूममध्ये जाऊन नाकाला विक्स लावत होते.

आल्फ शेवटच्या खोलीत होता. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा, दारातून आत येताना वाकावं लागेल एवढा उंच, आणि कपाळावर भुवईच्या वर एक पांढरट, आडवा, शिवणीसारखा व्रण. बायको गेलेली, मूलबाळ नाही. पहिल्या दिवशी त्यानं मला विचारलं, "पोरी, इथं यायच्या आधी काय करायचीस?" मी डॉक्टर होते म्हणाले. शेजारची नर्स हसली. आल्फ हसला नाही. त्यानं मला खालपासून वरपर्यंत नीट पाहिलं आणि म्हणाला, "मग माझ्या पलंगाखालचे बूट काढ, डॉक. आज शुक्रवार आहे."

त्या दिवसापासून त्या इमारतीत, किंबहुना त्या देशात, मला डॉक म्हणणारा तो एकटा माणूस.

बूट म्हणजे घोट्याच्या वर येणारे, चामड्याचे, पुढे टणक टोपी असलेले, प्रत्येकी एका विटेएवढे जड. सोबत एक चपटा डबा. त्यात डबिन. चामडं मऊ राहावं म्हणून लावायचं पिवळट वंगण, मेण आणि जनावराची चरबी. झाकण उघडलं की त्याचा वास घशात जाऊन बसायचा. शनिवारी मॅच, म्हणून शुक्रवारी दुपारी बुटांना डबिन, हा नियम त्यानं सतराव्या वर्षी लावून घेतला होता आणि साठ वर्षं मॅच नसतानाही पाळत होता. आमच्याकडे खंडेनवमीला अवजारं पुसतात, त्याची खंडेनवमी दर आठवड्याला यायची. त्याचे हात कापत, म्हणून लावायचं मी. मी रबरी हातमोजे चढवले. त्याला ते अजिबात आवडलं नाही.

"मोज्यांना चामडं कळत नाही, डॉक. कुठं तडकलंय ते बोटालाच कळतं."

"मला चरबीची किळस येते, आल्फ."

"मलापण यायची," तो म्हणाला. "आमचा क्लब एका खाटकाचा होता."

असे सुरू झाले आमचे शुक्रवार. मी एक बूट मांडीवर घेऊन चोळायचे आणि तो बोलायचा. कधी सलग, कधी तेच दोनदा. त्याच्या बापाच्या लहानपणी खेळायचे पैसे घेणं ही लाजेची गोष्ट होती, चोरून बुटात नाणी ठेवत. आल्फच्या वेळेपर्यंत तो उजळमाथ्यानं करायचा धंदा झाला होता. चौदाव्या वर्षी तो तिकडे इंग्लंडात कापडगिरणीत लागला, सतराव्या वर्षी क्लबनं बोलावलं. त्यानं एका कागदावर सही केली आणि गिरणीतून सुटलो म्हणून नाचत घरी गेला. आईनं कागद वाचून घेतला नव्हता. तिला वाचता येत नव्हतं आणि त्याला धीर नव्हता.

आठवडाभर त्यांना बॉलला हात लावू देत नसत. नुसत्या मैदानाला फेऱ्या मारायच्या. शनिवारपर्यंत बॉलची भूक लागली पाहिजे, असं मालकाचं म्हणणं. आणि शनिवारी समोर येई तो बॉल म्हणजे जाड चामड्याचा गोळा, आत फुगवलेली पिशवी, तोंड चामड्याच्या वादीनं शिवून बंद केलेलं. पावसात चामडं पाणी प्यायचं. आल्फ सेंटर हाफ, म्हणजे पलीकडच्या गोलकीपरनं उंच उडवलेला प्रत्येक बॉल यानं कपाळावर झेलून परत धाडायचा. दुसऱ्या हाफपर्यंत तो बॉल दगड झालेला असे. वादी लागली की कातडी फाटे. कपाळावरची ती शिवण तिथली. किती वेळा, मी विचारलं. तो म्हणाला, "पावसात किती थेंब पडले ते मोजलंस का कधी?"

आणि मग स्पंज. हे ऐकताना माझ्या हातातला बूट चोळायचा तसाच राहिला होता. खेळाडू पडला की ट्रेनर बादली घेऊन धावायचा. बादलीत बर्फासारखं पाणी आणि एक स्पंज. तोच स्पंज अकरा जणांच्या गुडघ्यांवर, नाकांवर, फुटलेल्या डोक्यांवर. तेच पाणी. त्यात चिखल, रक्त, थुंकी. मानेवर तो स्पंज पिळला की माणूस दचकून उठे, ट्रेनर विचारे, "फिट?" आणि उत्तर न ऐकताच पाठीवर थाप मारून ढकलून देई. लोक त्याला जादूचा स्पंज म्हणत आणि टाळ्या वाजवत.

आल्फच्या आयुष्यात एक मोठी मॅच झाली. कपची. त्याचा क्लब लहान, समोरचा नावाजलेला. विसाव्या मिनिटाला आल्फ हेडरला, म्हणजे बॉल डोक्यानं मारायला, उडाला, कुणाचं तरी डोकं लागलं, आडवा झाला. स्पंज. फिट? थाप. शेवटच्या पाच मिनिटांत त्यानं हेडरनंच गोल मारला आणि क्लब जिंकला. गावानं त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. पुढे साठ वर्षं भेटेल तो माणूस त्याला त्या गोलबद्दल विचारत राहिला.

"आणि मला त्यातलं काहीच आठवत नाही, डॉक," आल्फ म्हणाला. "सकाळी अंडं खाल्लं ते आठवतं. मग एकदम दुसऱ्या दिवशीची सकाळ. मधला माझा गोल बाकी सगळ्यांनी पाहिलाय."

हे तो विनोद म्हणून सांगायचा. डायनिंग हॉलमध्ये सांगितलं की सगळे हसत. मीही पहिल्यांदा हसले होते. घरी येऊन भाताला आधण ठेवताना माझ्या लक्षात आलं, की मी विनोदाला नाही, केस हिस्टरीला हसले होते.

त्यानं आयुष्यात एकदाच 'नाही' म्हटलं. सव्विसाव्या वर्षी. रोज सकाळी डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे चांदण्या यायच्या. त्यानं मालकाकडे दोन आठवडे विश्रांती मागितली. मालक, म्हणजे तो खाटीक, म्हणाला डोकेदुखी बायकांना होते. आल्फ म्हणाला, मग मी शनिवारी खेळणार नाही. संपलं. दरवर्षी मे महिन्यात क्लबच्या फाटकावर दोन याद्या लागत, ठेवलेले आणि सोडलेले. आल्फचं नाव ठेवलेल्यांत लागलं, पण त्याला ना पगार ना खेळ. त्याच्या नावाची नोंदणी त्यांच्या तिजोरीत, त्यामुळे दुसरा क्लब त्याला घेऊ शकत नव्हता. दोन मोसम तो फाटकावरची यादी वाचून परत गेला. मग जहाजात बसला आणि पृथ्वीच्या या टोकाला येऊन रेल्वेच्या कारखान्यात लागला.

"तुझी नोंदणी कुणाकडे अडकलीय, डॉक?" एका शुक्रवारी त्यानं विचारलं. मी सांगितलं.  त्या दिवशी मी रबरी मोजे काढून ठेवले. किळस गेली नव्हती. पण चामडं खरंच बोटालाच कळतं.

जुलैच्या सुरुवातीला आल्फ बाथरूममध्ये घसरला. डोकं दाराच्या चौकटीला लागलं, छोटंसं टेंगूळ. मी रजिस्टरमध्ये लिहिलं. दोन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की त्याच्या डाव्या सपातेचा पुढचा भाग झिजलाय. पाय ओढत होता. मग चहाचा कप डावीकडे कलायला लागला. दिवसा झोप वाढली. सकाळी कपाळ दाबून बसायचा. म्हातारपणी मेंदू आक्रसतो, वरच्या बारीक शिरा ताणल्या जातात, लहानशा धक्क्यानंही त्यातली एखादी फुटते आणि आठवडेच्या आठवडे रक्त थेंबथेंब साचत राहतं. कवटीला छोटं भोक पाडून ते काढता येतं. मिरजेत असे दोन म्हातारे ऑपरेशननंतर पायी चालत घरी गेलेले मी स्वतः पाहिले होते. म्हणजे हे काही शेवटचं दुखणं नव्हतं. कुणीतरी वेळेवर बोलायला हवं होतं, एवढंच.

मी बोलले. एकदा. शेरिल आमची मॅनेजर, कायम हसतमुख, गळ्यात चष्म्याची साखळी. मी म्हटलं, "आल्फच्या डोक्याचा स्कॅन करायला हवा. आत रक्त साचत असणार."

"सू, लव्ह," ती माझा दंड थोपटत म्हणाली, "तू हीप्स ऑफ हेल्प आहेस. पण इथं तू केअरगिव्हर आहेस, हो ना? मंगळवारी जीपी येतात, ते बघतील."

जीपी, म्हणजे तिथले ठरलेले फॅमिली डॉक्टर, आले. पाच मिनिटं. आल्फला त्यांनी त्या गोलबद्दल विचारलं, आल्फनं नेहमीचा विनोद सांगितला, ते हसले, आणि वय झालंय म्हणून निघून गेले.  त्याच संध्याकाळी शेरिल म्हणाली, "तुझं ते हॉस्पिटलसाठीचं पत्र, पुढच्या महिन्यात टाईप करते हं."

घरी प्रकाशला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, तू सांगितलंस ना एकदा? रजिस्टरमध्ये लिहिलंयस. आता पत्र हातात पडेपर्यंत गप्प बस. कशाला नस्त्या फंदात पडतेस? एकदा नाव नोंदलं की वाट्टेल तेवढं बोल." तो वाईट माणूस नव्हता. सात वर्षांच्या मुक्ताला कुशीत घेऊन तो हे बोलत होता आणि मला ते पटलं. पटलं, ह्याचाच आज मला सगळ्यात जास्त तिटकारा येतो.

आणि मग आला नेव्हिल. तिथल्या एका लहानशा फुटबॉल क्लबचा सेक्रेटरी, ब्लेझरवर बिल्ला, हातात हात घेतला की सोडायचा नाही. या गावात रग्बीपुढे फुटबॉलला कुणी विचारत नसे, त्यामुळे बिचाऱ्यांना त्यांच्या समारंभासाठी कुणीतरी मोठं हवं होतं. इंग्लंडात पैसे घेऊन खेळलेला, कपमध्ये गोल मारलेला माणूस चार मैलांवर पडून आहे, हे त्याला कुठून तरी कळलं. ऑगस्टच्या एका शनिवारी आल्फनं मैदानावर यायचं. नेव्हिलनं कुठून तरी वादीचा जुना चामड्याचा बॉल पैदा केला होता. तो हळूच फेकायचा, आल्फनं डोक्यानं मारायचा, पेपरवाला फोटो काढणार. "जस्ट अ वी टॅप," नेव्हिल म्हणाला, म्हणजे नुसता हलकासा टोला. शेरिलनं टाळ्या वाजवल्या. रेस्ट होमचं नावही छापून येणार होतं.

शुक्रवारी मी बुटांना डबिन लावलं. आल्फ शुद्धीत होता, अगदी लख्ख. म्हणाला, "ती मॅच मला आठवत नाही, डॉक. निदान ही आठवेल."

शनिवारी दक्षिणेकडचा वारा सुटला होता. हातापायांची बोटं बधिर करणारा, मधूनच गारांचा शिडकावा. व्हीलचेअर चिखलात रुतली, मी आणि नेव्हिलनं ढकलली. एका बाजूला सॉसेज भाजत होते, चरबी जाळावर पडून चरचरत होती, आणि लोक पांढऱ्या ब्रेडमध्ये ते गुंडाळून, कांदा गळत, खात खात आल्फकडे बघत होते. जुनी जर्सी म्हणून त्याच्या कोटावरून काहीतरी लाल चढवलं होतं. मुलं त्याच्या बुटांना हात लावून जात होती. नेव्हिलनं कर्ण्यावरून त्याचं चरित्र वाचलं. त्यात खाटीक नव्हता, फाटकावरची यादी नव्हती, डोकेदुखी नव्हती. गोल होता. स्पंजसुद्धा होता, आणि त्याला सगळे हसले.

आल्फला उभं केलं. मी डाव्या बाजूनं धरलं होतं, तो पाय कापत होता. नेव्हिलनं बॉल फेकला. सकाळपासून चिखलात पडून तो भिजला होता. आल्फनं मान मागे घेतली, मला वाटलं पडणार, पण साठ वर्षांपूर्वीचं काहीतरी त्याच्या मानेत अजून शिल्लक होतं. कपाळ पुढे आलं आणि बॉल लागला. तो आवाज मी गेल्या शनिवारी पुन्हा ऐकला, ईराच्या मॅचमध्ये. टाळ्या पडल्या. पेपरवाला म्हणाला, डोळे मिटले होते, पुन्हा. पुन्हा मारला. मध्येच कुणीतरी आडवं आलं. "वन मोर, आल्फ, गुड ऑन या!" तिसऱ्यांदा मारला. मी त्याचा दंड धरून उभी होते आणि तिन्ही वेळा त्याचा धक्का माझ्या हातात येत होता.

परत येताना तो व्हॅनमध्ये हसत होता. "लागला ना बरोबर?" त्यानं दोनदा विचारलं. मी हो म्हटलं. चहाच्या वेळी त्याला उलटी झाली. कुणीतरी म्हणालं, सॉसेज बाधले. त्यानं सॉसेज खाल्लेच नव्हते. मी ते शेरिलला सांगितलं, ती म्हणाली बघू, आणि माझी शिफ्ट संपली. रविवारी सकाळी तो उठला नाही. हॉस्पिटलमध्ये स्कॅन झाला, मी सांगितलेला, महिनाभर उशिरा. आत जुनं रक्त होतं आणि नवंही. बुधवारी आल्फ गेला.

चॅपेलमध्ये वीसेक माणसं होती. नेव्हिल बोलला. म्हणाला, आवडतं ते करता करता गेला, ह्याहून चांगलं मरण कुठलं. लोकांनी माना डोलावल्या.  बाहेर आल्यावर त्यानं माझा हात हातात घेतला आणि मला पेपरातलं कात्रण दिलं. फोटोत आल्फचे डोळे उघडे आहेत, बॉल कपाळावर आहे, आणि कडेला एका बाईचा हात आहे, मनगटापर्यंत, त्याचा दंड धरलेला. काचेच्या दोन हिरव्या बांगड्या दिसतात.

शेरिलनं बोलल्याप्रमाणे पत्र दिलं. कष्टाळू, वक्तशीर, सगळ्यांशी मिळूनमिसळून वागते, नेव्हर मेक्स अ फस. त्या पत्रावर मला हॉस्पिटलात उभं राहू दिलं, मग परीक्षा, मग नोंदणी. वीस वर्षं मी इथल्या क्लिनिकमध्ये डॉक्टर होते. पेशंट सांगत, डॉक्टर सुनंदा फार खोदखोदून विचारते, जरा डोकं दुखलं तरी स्कॅनला पाठवते. माझ्या पाठीमागे सहकारी हसायचे. हसू देत.

बूट कुणीच नेले नाहीत. मीच नेले. गॅरेजमध्ये आहेत. डबिनचा डबा अर्धा उरलाय, वास अजून तसाच आहे.

आज शुक्रवार. दुपारी ईराचा फोन आला. मुक्तानं शेवटी निर्णय माझ्यावर ढकलला होता. "आजी, ममा सेज आय कॅन प्ले टुमॉरो इफ यू से सो. माझं डोकं दुखत नाहीये. नॉट इव्हन अ बिट. प्लीज?" मी विचारलं, काल शाळेत वाचताना अक्षरं हलली का? ती हळूच म्हणाली, "अ लिटल." मी म्हटलं, "मग नाही. उद्या नाही, पुढच्या शनिवारीही नाही." तिनं फोन ठेवून दिला. थोड्या वेळानं मुक्ताचा आला. "आई, तिच्या मनाला किती लागलंय माहितीये? तू एवढी का टोकाला जातेस? त्या म्हाताऱ्यामुळे? अगं, तेव्हा तुझ्या हातात काय होतं? तुला तर ते डॉक्टरच मानत नव्हते."

हे मीच सगळ्यांना सांगत आलेय. मुक्ताला, प्रकाशला, तो होता तोपर्यंत. नेव्हिलला शिव्या घातल्या, जीपीला घातल्या, शेरिलच्या साखळीला घातल्या. इथंही आत्तापर्यंत तेच लिहिलं. पण एक मानत होता.

त्या शनिवारी सकाळी मी आल्फला तयार करत होते. जाड मोजे चढवले, पाय बुटांत सारले. व्हॅन बाहेर येऊन उभी होती, शेरिल दारात घड्याळ बघत होती. आल्फनं माझं मनगट धरलं आणि हळू आवाजात, तिला ऐकू जाणार नाही असं, विचारलं, "डॉक, सकाळपासून डोकं जड आहे. मी हेड मारू ना? तू सांग. त्या दिवशी मला फिट म्हणणारा तो ट्रेनर मूळचा प्लंबर होता. तू खरी डॉक्टर आहेस. तू नाही म्हणालीस तर मी जात नाही."

दारात शेरिल म्हणाली, "ऑल गुड, सू?"

पत्र मंगळवारी टाईप होणार होतं.

"फिट आहेस," मी म्हटलं.

त्याचा चेहरा एकदम सैल झाला. त्यानं उजवा पाय पुढे केला. "मग बांध नाड्या, डॉक," तो म्हणाला. मी खाली बसले आणि दोन्ही बुटांच्या नाड्या बांधल्या.